सहीआधीची सहल

माझा भाऊ गेल्या कित्येक वर्षांत मला कुठे घेऊन गेला नव्हता. दवाखान्यात नाही, जत्रेत नाही, कुणाच्या लग्नालाही नाही. त्यामुळे एका संध्याकाळी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "गुरुवारी मोकळी हाईस ना? सगळे मिळून लेणी बघाय जाऊ," तेव्हा मी आधी गॅस बंद केला. पोळी तव्यावर तशीच राहिली. मला लगेच कळलं. आमच्याकडे भाऊ बहिणींना फिरायला नेतो तो दुसऱ्या दिवशी निबंधकाच्या ऑफिसात न्यायचं असतं म्हणून.

बाहेरच्या माणसाला हे जरा सांगावं लागेल. माझं माहेर तळवड्याचं, जुन्या शेतकऱ्यांतलं. वडील होते तोवर नदीकडे ऊस आणि घरामागे ज्वारी असायची. आता घरामागे पत्र्याच्या शेड आहेत, त्यांत लहान लहान वर्कशॉप भाड्याने बसली आहेत, आणि नदीकडच्या तुकड्यावर एका बिल्डरचा डोळा आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा चौघांची नावं लागली: आई, दादा, मी आणि धाकटी बहीण. कायद्याने ती लागतातच. पण कायदा वेगळा आणि रीत वेगळी. रीत अशी की बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची, आपला वाटा भावाच्या नावावर सोडायचा आणि मिळालेली साडी घेऊन हसत घरी जायचं. सही केली की माहेर राहतं. नाही केली तर भाऊबीजेला दारात कुणी येत नाही, मुलांच्या लग्नात मामा उभा राहत नाही, आणि गावात "तिनं हिस्सा घेतला" हे अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईने घर फोडलं.

सही सुखासुखी व्हावी म्हणून आधी बहिणींना खूश करायचं असतं. बहुतेक लोक देवाला नेतात. आमच्या आळीतल्या एकाने तिघी बहिणींना विमानाने बालाजी घडवला होता. आमचा नदीकडचा तुकडा निम्मा पूररेषेत जातो, म्हणजे भाव कमी; म्हणूनच बहुधा आमच्या वाट्याला बेडशाची लेणी आली.

गुरुवार निवडला, कारण आमच्या औद्योगिक पट्ट्याला गुरुवारी सुट्टी असते. शेड बंद, त्यामुळे दादा मोकळा. मी एका कंपनीत स्टोअरला आहे, म्हणजे मीही मोकळी. नवऱ्याला नेमका ओव्हरटाइम होता. त्याला सगळं सांगितलं तर तो बूट घालत म्हणाला, "तुझ्या माहेरचं आहे, तू ठरव." ऐकायला हे फार उदार वाटतं. मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. मला ठरवताच येत नव्हतं, हीच तर अडचण होती. मला वाटा हवा होता. यात लाजण्यासारखं काही नाही. दोन खोल्यांत आमची उमर गेली आहे आणि मुलगा बारावीला आहे. पण मला माहेरही हवं होतं. दिवाळीत दादाने दाराशी येऊन हॉर्न वाजवावा, हेही हवं होतं. दोन्ही मिळणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

सकाळी संत तुकाराम नगरात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दादाची पांढरी गाडी येऊन थांबली. गाडी एवढी उंच की चढायला वेगळी पायरी. पुढे दादा आणि आई, मध्ये वहिनी आणि धाकटी, मागे माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेण्यांची कल्पना तिची होती म्हणे; मोबाईलवर कुणाचं तरी रील पाहिलं होतं.

"या वन्सं, या," वहिनी म्हणाली. एरवी ती मला नावाने हाक मारते आणि तीही स्वयंपाकघरातूनच.

मी बसते न बसते तोच तिने दोन पिशव्या काढल्या. एक धाकटीच्या मांडीवर ठेवली, एक माझ्या. आत जरीकाठाची साडी, घडीसुद्धा न मोडलेली. सण नाही, वार नाही. "तुमच्या दादांनीच पसंत केली," वहिनी म्हणाली. दादाला जांभळा आणि वांगी यांतला फरक कळत नाही. धाकटीने साडी गालाला लावून बघितली. "किती मऊ आहे गं ताई!" ती खरोखरच खूश होती, आणि त्याचाच मला राग आला. तिच्या सासरची माणची जमीन केव्हाच आयटी पार्कात गेली. घरात कशाला कमी नाही. पोट भरलेल्याला उदार व्हायला काय जातं, असं माझ्या मनात आलं. आपल्या पाठच्या बहिणीबद्दल असं मनात यावं, याचंही वाईट वाटलं.

निगडी गेली, देहूरोड गेला. दादा गाडी चालवताना रस्ता बघत नाही, जमिनी बघतो. "हा तुकडा गेला. हितं टाऊनशिप येतीय. ह्यो मात्र भावाभावांत अडकलाय." मी प्रत्येक वाक्याला वाट बघत होते की आता हा मुद्द्यावर येईल. सोमाटण्याच्या अलीकडे त्याचा फोन वाजला. नव्या गाड्यांत फोन आपोआप गाडीच्या स्पीकरला लागतो, हे दादा विसरला. गाडीभर एजंटाचा आवाज घुमला: "शेठ, उद्याचं दहाचं टोकन घेतलंय. ताई लोक तयार हायत ना? का अजून बोलला न्हाई?"

दादाने अशी काही झडप घालून फोन बंद केला की गाडी जरा हेलकावली. आई सरळ काचेबाहेर बघत होती. भाचीने कानात हेडफोन घातले. मग वहिनी म्हणाली, "शेंगदाणे घ्या कुणी," आणि आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने शेंगदाणे घेतले.

कामशेतहून आत वळलं की रस्ता शांत होतो. बेडसे गावाच्या वर डोंगरात लेणी आहेत आणि तिथवर पायऱ्या. थंडी सरत आली होती, ऊन अंगावर येत होतं. दादाने गाडी झाडाखाली लावली आणि म्हणाला, "आई, तू बस गाडीतच. एसी लावून देतो. गुडघे हायत तुझे."

"मी बघाय आले," आई म्हणाली. "बसाय न्हाई."

मग ती माझा हात धरून चढू लागली. बाकीचे पुढे गेले. आई चार पायऱ्या चढायची, थांबायची, पदराने मान पुसायची. मला थांबवत नव्हतं. माझे पाय सकाळपासून नुसते पळायला बघत होते, कुठे ते मला माहीत नव्हतं. एका वळणावर ती कठड्याला टेकली.

"दादाला तोडून बोलू नगंस आज," ती म्हणाली.

"मी कुठं काय बोलले?"

"तुझं तोंड बोलतंय सकाळधरनं."

मी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

"एक सही. काय जातंय? भाऊ हाय तर माहेर हाय. मी काय, आज हाय उद्या न्हाई."

"तुझीपण सही लागणार आहे, आई. माहिती आहे ना? तुझंही नाव आहे सातबाऱ्यावर."

"माझ्याजवळ काय हाय सोडाया," असं म्हणून तिने पुन्हा माझा हात धरला. तिच्या तळहाताला घाम आला होता. वरून दादा वाकून आमच्याकडे बघत होता. त्याला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं, एवढं नक्की. तो नुसता बघत होता.

बेडशाच्या मोठ्या लेण्यात दोन कातळांमधल्या अरुंद बोळातून जावं लागतं. बोळ संपला की एकदम मान वर करावी लागते, इतके उंच खांब. वर घोडे, हत्ती, त्यांवर बसलेली जोडपी. आत गार होतं. खोल अंधारात दगडी स्तूप आणि दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा. एरवी मी अशा जागी तासभर बसले असते. त्या दिवशी मी खांब मोजायला सुरुवात केली, मध्येच सोडून दिली, बाहेर आले, पुन्हा आत गेले. दादा स्तूपापाशी उभा होता म्हणून मी दाराशी गेले. तो दाराकडे आला तशी मी स्तूपाकडे गेले. सबंध डोंगरात आम्ही दोघं लपंडाव खेळत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं.

आईने स्तूपाला हात जोडले. "ह्यो कुठला देव?" तिने विचारलं.

भाचीने समजावलं. देव नाही आजी, हा स्तूप आहे, इथे बौद्ध भिक्खू राहायचे, दोन हजार वर्षांपूर्वी, घरदार, शेतीवाडी सगळं सोडून आलेले.

"समदं सोडून आल्यांनी येवढं कोरून घेतलं व्हय!" आई म्हणाली. दादा मोठ्याने हसला. मलाही हसू आलं आणि क्षणभर आम्ही लहानपणीसारखे एकमेकांकडे बघून हसलो. मग दोघांनाही उद्याचा दिवस आठवला आणि आम्ही नजर काढून घेतली.

शेजारी दुसरं लेणं आहे, भिक्खूंच्या राहण्याचं. लांबट दालन, वर कमानीसारखं छत, आणि भोवताली ओळीने लहान लहान खोल्या कोरलेल्या. प्रत्येकीत झोपायला दगडाचा ओटा. दादा आत शिरला आणि सवयीने पावलं टाकत दालन मापू लागला. आमच्या गावचा माणूस कुठल्याही जागी गेला की आधी ती किती गुंठे हे बघतो, ताजमहालातही बघेल. "गुंठाभर बी भरायचं न्हाई," तो म्हणाला. "पर प्लॅनिंग बघा कसं केलंय. मधी कॉमन हॉल, कडंनी खोल्या. एक इंच वाया न्हाई."

"पप्पा, आपल्याला दिलं तर?" भाची म्हणाली. "कुणाला कुठली?"

दादाला असला खेळ फार आवडतो. तो दालनाच्या मधोमध उभा राहिला आणि हात करून वाटू लागला. "ही कोपऱ्यातली मोठी माझी आन् तुझ्या मम्मीची. ही तुझ्या भावाची, त्याच्या शेजारची बी त्याचीच, उद्या लगीन व्हईल त्याचं. ही तुझी, तात्पुरती, तू काय जाणारच. हितं देवघर. हितं सामान. आन् ही दाराजवळची पाव्हण्यांना."

"आणि मला?" मी म्हणाले. मला विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"तुला कशाला?" दादा हसत म्हणाला. "तुझं हाय की तिकडं घर. आली की पाव्हण्यांची खोली हायच. दोघींनी वाटून घ्या."

धाकटी हसली, वहिनी हसली. दादाही मनापासून हसत होता. त्याच्या मनात कपट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. कपट असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. खेळातल्या घरातसुद्धा, फुकटच्या, दोन हजार वर्षं रिकाम्या पडलेल्या खोल्यांतसुद्धा त्याच्या हाताला माझ्याकडे वळायचं सुचलं नाही.

"आणि आजीला?" भाचीने विचारलं.

"आजी काय, कुठं बी पडंल," दादा म्हणाला आणि फोन काढून छताचे फोटो घेऊ लागला.

आई एका खोलीच्या उंबऱ्यावर बसून गुडघा चोळत होती. मीही तिच्याकडे नीट बघितलं नाही, कारण माझ्या कानांत नुसतं "तुला कशाला" घुमत होतं. मी तडक बाहेर आले.

धाकटी माझ्या मागे आली. "ताई, चिडलीस? गंमत करत होता गं तो."

"म्हणूनच चिडले."

तिने माझं मनगट धरलं. "मी करणार आहे सही. मला नको त्यातलं काही. मला फक्त सुट्टीत पोरांना घेऊन यायला एक घर पाहिजे."

"आणि मला त्यातलं पाहिजे," मी म्हणाले. तोवर मी हे वाक्य मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. आवाज माझाच असून मला दचकायला झालं. धाकटीने भिऊन मागे बघितलं, कुणी ऐकलं की काय म्हणून. "असं बोलू नकोस ना," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग मलाच तिची समजूत घालावी लागली.

खाली येऊन झाडाखाली जेवायला बसलो. वहिनीने भाकरी, मटकीची उसळ, ठेचा आणि शिरा आणला होता. शिऱ्यात तूप इतकं की बोटं निसरडी झाली. तिने मला तीनदा वाढलं. दादा जेवता जेवता दोनदा "बरं का" म्हणाला आणि दोन्ही वेळा पुढे म्हणाला की ठेचा झकास झालाय. मला वाटलं, बोल बाबा एकदाचं, बोल आणि मोकळा हो. माझ्या मनात वाक्य तयार होतं. सकाळपासून मी ते घोळवत होते: दादा, मी सही करणार नाही, मला माझा वाटा दे, थोडा कमी दिलास तरी चालेल, पण नाव पुसू नकोस. बोलायला सोपं. निघण्याआधी आरशात बघून म्हणूनही झालं होतं.

परतीच्या वाटेवर वडगावपाशी चहाला थांबलो. हायवेच्या कडेचं हॉटेल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाजूने ट्रक धडधडत जाताहेत. भाची गाडीतच झोपली होती. चहा आला आणि दादाने खुर्ची पुढे ओढली.

"हे बघा," तो म्हणाला. "उद्या दहाला जरा यायचंय दोघींनी. मी गाडी पाठवतो. आधार कार्ड आन् दोन फोटो. अर्ध्या तासाचं काम हाय. बिल्डर चार नावांवर अ‍ॅग्रीमेंट करत न्हाई, त्याला एक नाव लागतंय. तुमचं काय बुडत न्हाई. मी हाय ना."

"हो दादा," धाकटी लगेच म्हणाली.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कप खाली ठेवला. दादाच्या कपाळावर घाम आला होता. कपाच्या कानात अडकवलेलं त्याचं बोट हलत होतं. तोही दिवसभर घाबरलेला होता, हे मला तेव्हा दिसलं. शेतात साप निघाला की मला पाठीवर घेऊन पळणारा हा माणूस आज मला भीत होता. तयार वाक्य जिभेपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. मी तोंड उघडलं तेव्हा बाहेर भलतंच आलं.

"आधार ओरिजिनल लागेल का झेरॉक्स?" मी म्हणाले.

दादाचे खांदे एकदम खाली आले. "ओरिजिनल आण," तो म्हणाला. "झेरॉक्स तिथं काढू." वहिनीने सुस्कारा सोडला आणि माझ्या ताटलीत तिचं बिस्कीट ठेवलं.

"माझी सही व्हणार न्हाई," आई म्हणाली.

ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की दादाला वाटलं, तिचा काही गैरसमज झालाय. "आगं, तुला काय करायचं न्हाई. नुसता अंगठा. मी असणार ना शेजारी."

"तेच. न्हाई देणार."

"आई, आता ह्ये काय मधीच?"

"चार नावं म्हन्लास ना? चौथं माझं हाय."

"तुला काय करायचीय जमीन? तुला काय कमी केलंय का मी?"

"कमी न्हाई केलंस," आई म्हणाली. "पोरींना साड्या आणल्यास, फिराया आणलंस, इचारलंस. मला कुणी इचारलं? उद्या गाडीत घालून नेणार व्हता आन् अंगठा धरून टेकवणार व्हता. माझा नवरा त्या रानात राबला. मी बी राबले. मी कुठं बी पडायची न्हाई."

वहिनी काही बोलायला गेली, पण दादाने हात वर केला. तो आईकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"ह्ये तू भरवलंस," तो म्हणाला. "पायऱ्यांवर दोघी कुजबुजत व्हता. बघितलं मी."

मी काय सांगणार होते? पायऱ्यांवर आई मला सही कर म्हणून विनवत होती, हे साधं सत्य त्या वेळी कुणाला पटलं असतं? मी एवढंच म्हणाले, "नाही रे दादा." ते मलाच खोटं वाटलं. धाकटी रडायला लागली. दादाने चहाचे पैसे टेबलावर टाकले आणि गाडीकडे चालू लागला. त्याचा कप तसाच भरलेला होता.

वाटेत दादा आता जमिनी बघत नव्हता, नुसता रस्ता बघत होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी मागितलं काही नव्हतं, नाकारलं काही नव्हतं, उलट हो म्हणून बसले होते, आणि तरी माझं माहेर माझ्या डोळ्यांदेखत हातातून सुटत होतं. चोरी न करता शिक्षा म्हणतात तशी गत. मी सारखी खिडकीची काच खाली करत होते, पुन्हा वर घेत होते. शेवटी दादाने पुढून बटण दाबून ती बंद केली.

आमच्या फाटकाशी त्याने इंजिन बंद केलं नाही. मी उतरले. साडीची पिशवी सीटवरच राहिली. कुणी दिली नाही आणि मी मागितली नाही. मी दार लावायला वळले तर पुढचं दार उघडलं आणि आई खाली उतरू लागली.

"आई, कुठं?" दादा म्हणाला.

"दोन दिस हिच्याकडं ऱ्हाते."

आमच्यात आई लेकीकडे मुक्कामाला राहत नाही. माझ्या मुलाच्या बारशाला आली होती, तेव्हाही दिवेलागणीच्या आत परत गेली होती. दादाचा चेहरा उतरला. "आन् मी न्यायला आलो न्हाई तर?" त्याने विचारलं. रागाने विचारायला गेला, पण आवाज लहान मुलासारखा फुटला.

"तर रिक्षानं येईन," आई म्हणाली. "घर माझं बी हाय."

गाडी गेली. आई जिना चढून आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "च्या टाक. तिथला गोडमिट्ट व्हता." मी आधण ठेवलं. साखर ओट्यावर सांडली. ती पुसत बसले. चहा गाळला, तिच्यासमोर ठेवला, आणि आपला कप घेऊन खाली फरशीवर बसले. तिच्याकडे बघायची सोय नव्हती. मी चहाकडे बघत होते.

"झेरॉक्स का इचारलंस?" ती म्हणाली.

मी कप फरशीवर ठेवला.

"तू सही करणार व्हतीस."

"हो."

"मला वाटलं, तू न्हाई म्हणशील. लहानपणापासनं तूच काय ती वाकडी. म्हणून तुला सकाळी समजावत व्हते. तू वाकडी चालणार, आन् मी आपली समजावणार. तसं ठीक व्हतं."

"मग तू कशाला मध्ये पडलीस? दादाला वाटतंय, सगळं मी केलं. आता तो कधी येणार नाही माझ्याकडं."

"यील. न्हाई तर न्हाई यायचा." तिने बशीत चहा ओतला, फुंकर घातली, पण प्यायली नाही. "मी बी केली व्हती सही, माझ्या भावांना. तवा मी तुझ्यापरीस लहान व्हते. गोडीगुलाबीनं केली, कुणी मारलं न्हाई. माहेर बी तुटलं न्हाई. दर दिवाळीला बोलवत व्हते, साडी देत व्हते."

"मग?"

"माझी आई तिथंच बसली व्हती. तिला माझ्या मनातलं ठाव व्हतं. ती गप ऱ्हायली. त्यानंतर धा-बारा वर्सं जगली ती. मी जायची, जेवायची, तिचं डोकं विंचरायची. पर तिच्या तोंडाकडं कधी धड बघितलं न्हाई मी. मनच व्हायचं न्हाई."

बाहेर सोसायटीत पोरांचा खेळ चालला होता. आईने बशी खाली ठेवली.

"आता बघ की माझ्याकडं," ती म्हणाली.